फीड वॉटर कंट्रोल व्हॉल्व्ह: बंद हंगामात खोलावा का, आणि खोलायचा तर कसा?

बगॅस_बॉयलर (धागालेखक)

नमस्कार मंडळी.

मी सोलापूर जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पात इन्स्ट्रुमेंट विभागात काम करतो. आमचा बॉयलर ६७ किग्रॅ/चौसेंमी दाबाचा असून फीड पंपाचा दाब ९०च्या आसपास असतो आणि डीएरेटरमधून (पाण्यात विरघळलेले वायू काढणाऱ्या टाकीतून) येणारे पाणी सुमारे १०५ अंश सेल्सिअसचे असते. ड्रममधील (बॉयलरच्या वरच्या, पाणी-वाफेच्या टाकीतील) पाण्याची पातळी राखणारा मुख्य फीड वॉटर कंट्रोल व्हॉल्व्ह ८० मिलिमीटरचा ग्लोब प्रकारचा आहे. त्यात केजमध्ये (खिडक्या असलेल्या नळकांड्यात) सरकणारा बॅलन्स्ड प्लग आहे, तो खालच्या सीटवर टेकला की पाणी थांबते; स्टेमने (दांड्याने) त्याला हलवणारा वर स्प्रिंग-डायफ्रामचा अ‍ॅक्च्युएटर आहे, आणि हवा गेली तर व्हॉल्व्ह उघडा राहावा अशी त्याची रचना आहे.

गळीत हंगामाच्या शेवटच्या दोन महिन्यांत दोन तक्रारी सतत येत होत्या. पहिली अशी की मिल थांबल्यावर व्हॉल्व्हला शून्य टक्क्याचा आदेश दिला आणि पडद्यावरही शून्य टक्केच दिसले, तरी ड्रमची पातळी हळूहळू चढतच राहायची, आणि शेवटी ऑपरेटरला खाली जाऊन हाताने आयसोलेशन व्हॉल्व्ह (लाइन पूर्ण तोडणारा) बंद करावा लागायचा. दुसरी अशी की नेहमीच्या भारावरही पातळी एका जागी ठरत नव्हती, ती वर-खाली झुलत राहायची. लूपचे ट्यूनिंग (पातळी राखणाऱ्या कंट्रोलरची सेटिंग) आम्ही दोनदा बदलून पाहिले, पण फरक पडला नाही. जानेवारीत ग्लँडमधून (स्टेमभोवती पॅकिंग भरलेल्या जागेतून) पाणी गळू लागले होते, तेव्हा पाळीतल्या फिटरने ग्लँड आवळून ती गळती थांबवली होती, एवढी एक नोंद लॉगबुकात सापडते.

आता बंद हंगाम सुरू झाला आहे. आमच्याकडे पद्धत अशी की सगळे कंट्रोल व्हॉल्व्ह दरवर्षी खोलायचे, सीट आणि प्लग लॅप करायचे (पेस्ट लावून एकमेकांवर घासायचे), पॅकिंग बदलायचे आणि परत बसवायचे. यंदाही तेच करायचे आहे, मात्र हा व्हॉल्व्ह मी प्रथमच स्वतःच्या देखरेखीखाली खोलणार आहे. काय सांभाळावे आणि लॅपिंग किती करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुना_फिटर

आपण वर्णन केलेली पहिली तक्रार सीट कापली गेल्याची आहे, यात मला तरी शंका वाटत नाही. नव्वद किलोच्या पाण्याला केसाएवढी वाट मिळाली तरी ते धातूत चर पाडते. मी एकतीस हंगाम फिटर म्हणून काढले आणि फीड वॉटरचा व्हॉल्व्ह एकाही बंद हंगामात न खोलता सोडला नाही. तेव्हा खोला, सीट पाहा आणि लॅपिंग करा. खोलण्याची पद्धत सविस्तर लिहितो, पण आज वेळ नाही.

मोजपट्टी

जुना_फिटर काकांच्या अनुभवाचा आदर राखून एक विनंती करते. हा व्हॉल्व्ह अजून लाइनवर आहे, त्याला हवा जोडलेली आहे, आणि त्याची बिघडलेली अवस्था जशीच्या तशी शाबूत आहे. एकदा नट सैल केले की ही अवस्था पुन्हा पाहायला मिळणार नाही. मी भोसरीतील एका व्हॉल्व्ह दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम करते. आमच्याकडे येणाऱ्या व्हॉल्व्हबरोबर बहुतेक वेळा "लीक होतो" एवढी एकच ओळ लिहिलेली असते, आणि टेबलावर घेऊन पाहिले तर ट्रिम (प्लग, सीट, केज) ठीकठाक असते. बिघाड राहतो कारखान्यातच, हवेच्या नळीत नाहीतर पोझिशनरच्या (आदेशानुसार हवा सोडून स्टेम जागेवर आणणाऱ्या उपकरणाच्या) जोडणीत, आणि दुरुस्त होऊन गेलेला व्हॉल्व्ह पुढच्या वर्षी तीच ओळ घेऊन परत येतो.

म्हणून खोलण्यापूर्वी काही मापे घ्या. पोझिशनरकडे जाणाऱ्या हवेचा दाब रेग्युलेटरवरच्या छोट्या गेजवर न वाचता, तपासलेला गेज टी-जोडाने लावून वाचा, आणि तसाच दुसरा गेज डायफ्रामच्या नळीवर लावा. अ‍ॅक्च्युएटरच्या पट्टीवर बेंच सेट (स्टेम हलू लागतो आणि पूर्ण सरकतो ते हवेचे दाब), पुरवठ्याचा दाब आणि स्ट्रोक (स्टेमची एकूण चाल) हे तीन आकडे कोरलेले असतात, ते टिपून घ्या. मग व्हॉल्व्ह निम्म्यावर आणून आदेश अगदी सावकाश कमी करा, आणि स्टेम ज्या दाबाला प्रत्यक्ष खाली हलू लागेल तो लिहून ठेवा. नंतर आदेश सावकाश उलट फिरवून तो कोणत्या दाबाला वर निघतो ते लिहा. स्टेमला डायल गेज लावता आला तर उत्तम. या दोन दाबांतील फरक म्हणजे घर्षणाच्या दुप्पट.

गळतीही मोजून ठेवा. खालच्या बाजूचा आयसोलेशन आणि बायपास (व्हॉल्व्हला वळसा घालणारी लाइन) बंद करून मधला ड्रेन उघडा आणि वरच्या बाजूने हायड्रोच्या (दाबचाचणीच्या) पंपाने थंड पाणी ३.५ बारला द्या. फीड पंपाच्या दाबावर ड्रेन उघडण्याचे धाडस कोणीही करू नये. ड्रेनमधून येणारे पाणी केवळ कंट्रोल व्हॉल्व्हमधून आलेले असेल, त्यामुळे बायपास पास होत आहे की हा व्हॉल्व्ह, हा वादही त्यातच मिटेल.

बगॅस_बॉयलर

मोजपट्टीताई, आपण सांगितल्याप्रमाणे काल आणि आज मापे घेतली. एक गोष्ट पाहून आम्ही सगळेच एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो, ती आधी सांगतो. रेग्युलेटरवरचा गेज २.८ किग्रॅ/चौसेंमी दाखवत होता आणि पट्टीवरही पुरवठ्याचा दाब २.८च कोरलेला आहे, त्यामुळे हंगामभर तिथे कोणाचे लक्ष गेले नाही. टी-जोडावरचा गेज मात्र २.१ दाखवू लागला. खात्रीसाठी हवा पूर्ण बंद करून नळी सोडली, तरीही रेग्युलेटरवरचा काटा २.८वर ठाम उभाच होता.

बाकीची मापे अशी: पट्टीवर बेंच सेट ०.४ ते २.० किग्रॅ/चौसेंमी, स्ट्रोक ३८ मिलिमीटर, डायफ्रामचे प्रभावी क्षेत्रफळ ४५० चौसेंमी. निम्म्यावर असताना स्टेम १.३२ला खाली सरकू लागतो आणि १.०८ला वर निघतो.

ड्रेनच्या पाण्यावर ठेवलेली २० लिटरची बादली सुमारे अडीच मिनिटांत भरली, म्हणजे मिनिटाला ८ लिटर. मग रेग्युलेटर फिरवून पुरवठा खरोखरीचा २.८ केला आणि शून्याचा आदेश पुन्हा दिला. आता गळती मिनिटाला ९०० मिलीवर आली. व्हॉल्व्हला पाना लावण्यापूर्वीच गळती एक-नवमांश झाली होती.

मोजपट्टी

आपण पुरवठा बदलून दुसऱ्यांदा मोजलेत, ते फार चांगले झाले. आता हिशेब करू.

हा व्हॉल्व्ह हवेने बंद होतो आणि स्प्रिंगने उघडतो. बेंच सेटचा वरचा आकडा २.० आहे, म्हणजे घर्षण नसते तर डायफ्रामवर २.० दाब आल्यावर प्लग सीटला नुसता टेकला असता. टेकल्यानंतर त्याला दाबून धरणारे बळ केवळ २.०च्या वरच्या हवेतून मिळते. पुरवठा २.८ असेल तर वरचे ०.८ गुणिले ४५०, म्हणजे ३६० किलो बळ सीटसाठी उरते. पुरवठा २.१ असेल तर तेच बळ ४५ किलो होते.

आता घर्षण पाहा. १.३२ आणि १.०८ यांतील फरक ०.२४, त्याचा अर्धा ०.१२, आणि त्याला ४५०ने गुणले की ५४ किलो. हाताशी ४५ किलो आणि घर्षणाला हवेत ५४. प्लग सीटपर्यंत पोचतच नव्हता. टेकण्यासाठी २.१२ दाब हवा होता आणि नळीत होता २.१०. राहिलेले ०.०२ म्हणजे बेंच सेटच्या १.६च्या पल्ल्यावर ३८ मिलिमीटरच्या प्रमाणात जवळजवळ अर्धा मिलिमीटर. तेवढ्या उंचीवर तो अधांतरी राहत होता.

तरीही पडद्यावर शून्य दिसत होते, कारण पोझिशनरला सीट कुठे आहे हे कधीच कळत नाही. ऑटो कॅलिब्रेशनच्या वेळी स्टेम जिथे थांबतो तिथे तो शून्याची खूण करतो. कोणीतरी हंगामाच्या मध्ये, हवा कमी असताना, ते कॅलिब्रेशन केले असणार.

अर्ध्या मिलिमीटरच्या फटीतून याहून कितीतरी जास्त पाणी जायला हवे होते असे कोणाला वाटेल, तर तेही बरोबर आहे. केजच्या खिडक्या सीटपासून किंचित वर सुरू होतात, त्यामुळे इतक्या कमी उंचीवर पाण्याला प्लग आणि केज यांच्यामधल्या बारीक मोकळीकीतूनच वाट काढावी लागते. पातळी वेगाने न चढता हळूहळू चढत होती, ती यामुळेच.

दुसऱ्या तक्रारीचे उत्तरही या ५४ किलोंतच असावे. इतके घर्षण असले की स्टेम आधी हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो. अशा व्हॉल्व्हवर ट्यूनिंग कितीही बदलले तरी पातळी झुलतच राहणार.

बगॅस_बॉयलर

ऑटो कॅलिब्रेशन फेब्रुवारीत मीच केले होते. पातळी झुलते आहे म्हणून.

जुना_फिटर

हिशेब मला पटला. सीटच कापली आहे असे मी ठासून लिहिले होते, आणि आठ लिटरांतले सात हवेने परत दिले म्हटल्यावर ते वाक्य अर्धेच खरे राहते. पण उरलेल्या ९०० मिलीचे काय? दोन महिने अधांतरी राहिलेल्या प्लगखालून पाणी गेले आहे, तेव्हा सीटवर खूण असणारच. शिवाय ५४ किलोंचे घर्षण ग्लँडमध्ये काहीतरी चुकीचे भरल्याशिवाय येत नाही, आणि ते बाहेरून दिसणार नाही. त्यामुळे व्हॉल्व्ह खोलायचाच आहे. आता कशासाठी खोलतो आहोत ते ठाऊक आहे, एवढा फरक झाला.

खोलण्याविषयी कबूल केल्याप्रमाणे लिहितो.

सर्वांत आधी परमिट आणि कुलूप-टॅग. दोन्ही बाजूंचे आयसोलेशन बंद करा, बायपास बंद करा, पंपाचा वीजपुरवठा कुलूपबंद करा आणि मधला ड्रेन उघडा ठेवा. ड्रेनमधून पाणी येणे थांबले म्हणजे दाब गेला असे समजू नये, कारण ड्रेनचे तोंड गंजाच्या पापुद्र्याने बुजलेले मी दोनदा पाहिले आहे. आपला बॉयलर थंड आहे हे चांगले आहे. चालू प्लांटमध्ये हेच काम करावे लागले तर लक्षात ठेवा की १०५ अंशांचे कोंडलेले पाणी बाहेर पडताक्षणी त्यातल्या काही भागाची वाफ होते आणि ती तोंडावर येते.

पोझिशनर आणि नळ्या काढण्यापूर्वी स्टेम, कनेक्टर, बॉनेट (बॉडीचे वरचे झाकण) आणि बॉडी यांवर पंचाने जुळणीच्या खुणा करून घ्या. मोबाइलने फोटो काढलेत तरी या खुणा कराव्यात, कारण फोटोत फिरलेली दिशा ओळखू येत नाही.

अ‍ॅक्च्युएटर उतरवताना स्प्रिंगला विसरू नका. बेंच सेट ०.४ पासून सुरू होतो, याचा अर्थ हवा शून्य असतानाही स्प्रिंग १८० किलोंनी दाबलेली आहे. डायफ्रामचे झाकण काढायचे असेल तर आधी स्प्रिंगचा अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करावा. ज्या अ‍ॅक्च्युएटरला अ‍ॅडजस्टर नसतो त्याच्या झाकणाला बहुधा समोरासमोर दोन लांब बोल्ट दिलेले असतात. आखूड बोल्ट आधी काढायचे आणि लांब बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सैल करत स्प्रिंगला मोकळे होऊ द्यायचे. हा क्रम उलटा केल्यामुळे एका हेल्परच्या मनगटाचे हाड मोडलेले मी पाहिले आहे.

बॉनेटचे नट एकदम काढू नयेत. सगळे नट तीनेक मिलिमीटर सैल करा, बॉनेट हलवून गॅस्केटची पकड सोडवा आणि पाणी किंवा फुसफुस येते का ते पाहा. आत दाब राहिला असेल तर तो इथे निघून जाईल आणि बॉनेट नटांनी धरलेला असेल. नंतरच नट काढावेत आणि बॉनेट चेन ब्लॉकने अगदी सरळ वर उचलावा. तो तिरका उचलला की प्लग केजमध्ये अडकतो आणि स्टेम वाकतो. वाकलेला स्टेम सरळ करून कोणी वापरू नये. उचलताना केज प्लगला चिकटून वर येऊ शकते आणि अर्ध्यावर सुटून खाली पडू शकते, म्हणून खाली हात घालू नका. केज निघाल्यावर बॉडीचे तोंड लगेच फडक्याने आणि लाकडी झाकणाने बंद करा. उघड्या बॉडीत पडलेला एक नट अग्निप्रदीपनानंतर इकॉनॉमायझरच्या हेडरमधून शोधून काढणे म्हणजे काय असते, ते ज्याने भोगले त्यालाच ठाऊक.

वाळवंटातला_वऱ्हाडी

आखातातील एका रिफायनरीत मी शटडाऊनची कामे पाहतो. काकांनी लिहिलेल्यात भर घालण्यासारखे थोडेच आहे, म्हणून खोलल्यावर काय पाहायचे तेवढे लिहितो.

प्लग आणि सीट पुसण्यापूर्वी चांगल्या उजेडात पाहा आणि फोटो काढा. पाण्याने कापलेली चर गुळगुळीत, चकाकणारी आणि प्रवाहाच्या दिशेने लांबट असते. फ्लॅशिंगची (पाण्याची वाफ होऊन ती तशीच पुढे जाण्याने होणारी) झीजही अशीच पॉलिश केल्यासारखी दिसते. कॅव्हिटेशनची (वाफेचे बुडबुडे फुटून होणारी) झीज याच्या अगदी उलट, म्हणजे खडबडीत, भोकाभोकांची आणि जळक्या कोळशाच्या खंगरासारखी असते. दोन्हींची कारणे वेगळी असतात, त्यामुळे दोन्हींना एकच "इरोजन" हा शब्द लावून अहवाल संपवू नये.

चालू बॉयलरवर आपल्या व्हॉल्व्हच्या पुढचा दाब ६७च्या वर असतो आणि १०५ अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब जेमतेम १.२ बार निरपेक्ष, तेव्हा तिथे कॅव्हिटेशनचा प्रश्न येत नाही. तो येतो थंड बॉयलर भरताना. त्या वेळी मागे ९० आणि पुढे ड्रमच्या उंचीएवढाच दाब असतो. ड्रम वीस मीटरवर धरला तर तो सुमारे तीन बार निरपेक्ष होतो. सीटजवळच्या अरुंद जागेत दाब बाष्पदाबाखाली जाऊन बुडबुडे तयार होतात आणि पुढे तीन बारला येताच ते धातूवर फुटतात. प्लगवर खंगरासारखा भाग सापडला, तर बॉयलर मुख्य व्हॉल्व्हने भरला जातो का, हे ऑपरेटरला विचारा. भरण्यासाठी वेगळी लहान लाइन आणि त्या कामाचा व्हॉल्व्ह असतो, पण घाईच्या वेळी तिकडे कोणी जात नाही.

डिप्लोमा_तिसरे_वर्ष

सर्वांचे प्रतिसाद वाचून खूप शिकायला मिळाले. दोन प्रश्न विचारतो. लॅपिंग करताना प्लग सीटवर फिरवायचाच असतो, मग जोडताना "टेकलेला प्लग सीटवर फिरवू नका" असे का सांगतात? आणि लॅपिंग जितके जास्त तितकी गळती कमी, असे असते का?

मोजपट्टी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की लॅपिंगमध्ये मध्ये पेस्ट असते आणि वर भार फक्त हाताचा असतो. जोडणीच्या वेळी मध्ये काही नसते आणि वरून अ‍ॅक्च्युएटरचे शेकडो किलो असतात. अशा वेळी प्लग फिरला की धातू धातूला ओरबाडतो आणि तासाभराचे लॅपिंग एका वळणात वाया जाते. म्हणून स्टेमची लांबी जुळवताना प्लग आधी सीटवरून उचलावा, मग स्टेम फिरवावा आणि परत टेकवून पाहावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे. प्लगचा आणि सीटचा कोन मुद्दाम किंचित वेगळा ठेवलेला असतो, जेणेकरून दोघे एका अरुंद रेषेवर भेटतील. हाताशी असलेले बळ ठरावीक असते आणि ते अरुंद रेषेवर पडले तरच तिथला दाब पाण्याला अडवण्याइतका होतो. लॅपिंग वाढवत गेले की ती रेष रुंद पट्टा होते आणि बळ पसरते. दिसायला छान, चकचकीत पट्टा दिसतो आणि गळती मात्र वाढलेली असते. मी २८० ग्रिटने सुरू करून ६०० वर थांबते, हात पूर्ण गोल न फिरवता थोडा पुढे-मागे हलवते, आणि दर आठ-दहा हातांनी प्लग उचलून जागा बदलते. लॅपिंग करताना केज आणि बॉनेट जागेवर ठेवावेत, नाहीतर प्लग डुलतो आणि सीट लंबगोल होते. नखाला लागणारी चर लॅपिंगने काढायला जाऊ नये. तिथे सीट रिंग मशीनवर घ्यावी किंवा बदलावी.

थेंबही गळू नये हा आग्रहही डेटाशीट पाहूनच धरावा. धातूच्या सीटला गळतीचा वर्ग ठरवून दिलेला असतो. चौथ्या वर्गात पूर्ण क्षमतेच्या ०.०१ टक्का गळती मान्य असते. समजा सीव्ही (व्हॉल्व्हच्या प्रवाहक्षमतेचा आकडा) ६० असेल, तर ३.५ बारला पूर्ण उघड्या व्हॉल्व्हमधून ताशी सुमारे ९७ घनमीटर पाणी जाईल आणि त्याचा दशसहस्रांश म्हणजे मिनिटाला साधारण १६० मिली. पाचवा वर्ग फारच कडक आहे. तीन इंची पोर्टवर ९० बारचा फरक असताना तिथे मिनिटाला जेमतेम २ मिली चालतात. चौथ्या वर्गाच्या व्हॉल्व्हकडून पाचव्याची अपेक्षा ठेवून लॅपिंग करत राहिलात, तर सीट संपेल आणि अपेक्षा तशीच राहील.

नळीतली_हवा

थोडे अवांतर, पण संबंधित. रेग्युलेटर नुसता फिरवून २.८ करू नका, तो खोलून पाहा. दाब २.८वरून २.१वर आपोआप येतो तो बहुधा फिल्टर चोंदल्यामुळे किंवा आतला डायफ्राम थकल्यामुळे. फिल्टरखालच्या वाडग्यात पाणी किंवा तेल दिसले, तर मूळ दोष कॉम्प्रेसरजवळच्या ड्रायरमध्ये आहे. इन्स्ट्रुमेंटच्या हवेचा दवबिंदू त्या जागेच्या किमान तापमानाच्या निदान दहा अंश खाली असावा, असा दंडक आहे. बगॅसच्या धुळीत उभ्या असलेल्या पोझिशनरचे नोझल तेलकट हवेने किती लवकर बुजते, हे मी वेगळे सांगायला नको.

बगॅस_बॉयलर

व्हॉल्व्ह गेल्या आठवड्यात खोलला. थोडा उशीर झाला, कारण सीट रिंग आणि गॅस्केटचा संच भांडारात नव्हता आणि खरेदीच्या मंजुरीला वेळ लागला. काय सापडले ते क्रमाने सांगतो.

सर्वांत मोठे आश्चर्य ग्लँडमध्ये निघाले. मूळ रचनेत व्ही आकाराच्या टेफ्लॉनच्या रिंगा आणि त्यांच्याखाली एक स्प्रिंग आहे. ती स्प्रिंगच रिंगांना पसरवून ठेवते, त्यामुळे अशा ग्लँडला पान्याने जोर लावून आवळायची गरज नसते. जानेवारीत गळती लागल्यावर कोणीतरी जुन्या रिंगा न काढता त्यांच्यावर चौकोनी ग्राफाइट दोरीचे दोन वेढे भरले होते आणि ग्लँडचे नट पुरते आवळले होते. खालची स्प्रिंग पूर्ण चेपून घट्ट झाली होती. ५४ किलो तिथे होते. लॉगबुकात मात्र "ग्लँड टाइट केले" एवढेच लिहिलेले आहे.

मुळात ग्लँड का गळला, याचेही कारण सापडले. स्टेमवर पाइप पान्याच्या दातांच्या खुणा होत्या. मागच्या बंद हंगामात कोणीतरी स्टेम पाइप पान्याने फिरवला असणार, आणि नंतर प्रत्येक स्ट्रोकला ते ओरखडे टेफ्लॉन खात राहिले. स्टेम बदलायचे ठरवले. नव्या प्लगला जुना स्टेम लावू नये हे वाचले होते, पण इथे उलट परिस्थिती होती, प्लग चांगला आणि स्टेम खराब. पिनचे जुने भोक प्लगमध्ये होतेच, त्यामुळे नव्या स्टेमशी ते जुळवण्याची खटपट न करता शेवटी प्लग आणि स्टेम एकत्र जोडलेला संचच मागवला.

सीट रिंगवर शेजारी शेजारी दोन चरा होत्या, गुळगुळीत आणि नखाला स्पष्ट लागणाऱ्या. जुना_फिटर काका म्हणाले ती खूण हीच. प्लगच्या खालच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढा खंगरासारखा भाग होता. ऑपरेटरला विचारले, तर बॉयलर भरताना मुख्य व्हॉल्व्हच वापरतात, कारण लहान लाइनचा हातचाक दोन वर्षांपासून जाम आहे. वऱ्हाडीसाहेब, आपण हे इतक्या दुरून कसे ओळखलेत? तो हातचाकाचा व्हॉल्व्हही आता कामांच्या यादीत घेतला आहे.

रेग्युलेटरच्या वाडग्यात पाणी नव्हते, पण फिल्टरचा रंग काळा झाला होता. रेग्युलेटर आणि गेज दोन्ही बदलले.

जोडताना स्पायरल वाउंड गॅस्केट सगळे नवे घातले आणि बॉनेटचे नट समोरासमोर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळले. नवी सीट रिंग आणि नवा प्लग यांना ६०० ग्रिटने अगदी हलका हात दिला. स्टेमची लांबी अशी जुळवली की डायफ्रामवर २.० दाब येताच प्लग टेकतो आणि अ‍ॅक्च्युएटरचा स्वतःचा थांबा त्याच्याही पुढे राहतो. पुरवठा २.८ आहे याची टी-जोडावरच्या गेजने खात्री केल्यानंतरच ऑटो कॅलिब्रेशन केले.

आता स्टेम १.२४ला खाली निघतो आणि १.१६ला वर येतो, म्हणजे घर्षण १८ किलो. ३.५ बारला गळती मिनिटाला ४० मिली आहे. आमच्या डेटाशीटवर चौथा वर्गच आहे आणि सीव्हीही साठच्या जवळपास आहे.

जुना_फिटर

काम चांगले झाले. पाइप पान्याचे वाचून लाज वाटली, कारण आमच्या काळी तो सर्रास वापरला जायचा. दोन लॉकनट एकमेकांवर आवळून स्टेम फिरवायचा असतो, हे माहीत असूनही. निघालेली जुनी सीट रिंग फेकू नका. लेथवर घेऊन ती सुट्टी ठेवता येईल, मात्र किती मटेरियल काढले ते तिच्यावर कोरून ठेवा, कारण केज टेकते ते तोंडही घेतले, तर केज तेवढीच खाली बसेल आणि गॅस्केटवरचा दाब कमी होईल.

मोजपट्टी

एकच विचारायचे राहिले. अडकलेल्या काट्याचा गेज त्याच खरेदीतला असेल, तर बाकीच्या व्हॉल्व्हवर तसलेच गेज असणार. ते पाहिलेत का?

बगॅस_बॉयलर

पाहिले. बावीस व्हॉल्व्हवरचे गेज हवा बंद करून तपासले, तीन काटे शून्यावर आले नाहीत. त्यांपैकी एक पीआरडीएसच्या (वाफेचा दाब आणि तापमान उतरवणाऱ्या यंत्रणेच्या) स्प्रे वॉटर व्हॉल्व्हवर आहे. तो खोलण्यापूर्वीची मापे उद्या सकाळी घेणार आहे, आकडे इथेच टाकतो.